महाबळेश्वर ते म्हसवड : एकाच जिल्ह्यातले दोन पाऊस

महाबळेश्वरच्या स्टँडवर आम्ही एस.टी.त बसलो तेव्हा खिडकीच्या फटीतून पाणी गळत होते. पसरणी घाट उतरून वाईला आलो तर रस्ता कोरडा. साताऱ्यात गाडी बदलली, कोरेगाव-पुसेगाव मागे पडले आणि दहिवडीच्या अलीकडे बाजरी माना टाकून उभी दिसली. जिल्हा एकच, ऑगस्ट महिनाही एकच!

ढग सह्याद्री चढतानाच बहुतेक पाणी सांडून टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशे. ही पर्जन्यछाया जुनीच. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते (म्हणजे आमच्याच कारकुनी पेशातले). दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरले, आणि बैलगाडीच्या त्या प्रवासात जवळ जेवण असूनही पाण्यावाचून रात्रभर उपाशी राहिले. वाटेत पाणी होते, पण महाराच्या पोरांना ते द्यायला कोणी तयार नव्हते.

त्या जुन्या दुखण्यात आता नवी भर पडली आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधले खाडे लांबतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, माणच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त! २०२३ साली देशात जुलैचा पाऊस सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त झाला आणि ऑगस्टचा ३६ टक्के कमी. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. हंगामाच्या बेरजेत मात्र तूट थोडीच दिसली. आम्ही बी.कॉम. झालेले, बेरजेत काय काय झाकता येते ते आम्हाला ठाऊक आहे. बाजरीला दाणा भरताना पाणी लागते. जुलैची शिल्लक तिला ऑगस्टात वापरता येत नाही. त्यातून माणच्या माळावर माती वीतभर, खाली मुरूम नि खडक. तासाभराची झड ओढ्याने निघून जाते, तेवढेच पाणी चार दिवसांत रिमझिमले तर मुरते. बांध-चर काढून ते अडवता येते. याच तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ साली वॉटर कपचा पहिला क्रमांक मिळवला, तो असल्याच कष्टाने.

म्हसवडजवळच्या आपल्या वस्तीत संध्याकाळी बसलो. पाऊस झाला ना यंदा, असे विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, "जूनात लई झाला की. पेरलेलं वाहून गेलं. आता महिना झाला, थेंब न्हाई. खुरपणीच न्हाई, तर हजेरी कुठली?"

पीक बुडाल्याची मदत हेक्टरी मोजतात, सातबारा पाहून. खुरपणाऱ्या बाईचे नाव त्या उताऱ्यावर नसते. पावसाचे खाडे तिच्या हजेरीत पडतात, पण त्यांचा पंचनामा कोणी करीत नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली ती याच माणसांसाठी. म्हणून कंदिलाइतक्या उजेडाच्या बल्बखाली बसून आम्ही तेरा जणींचा कामाच्या मागणीचा अर्ज लिहिला. सहा जणींनी सह्या केल्या, बाकीच्यांनी अंगठे उठवले. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत तो दिला आणि तारीख घालून पोच घेतली. पोच मावशींच्या ट्रंकेत आहे. काम अजून निघालेले नाही.