मागचं झाकण

जुना गेमिंग लॅपटॉप घेताना मी ज्या चुका केल्या, त्या जशा झाल्या तशा सांगतो. घ्यायला निघालेल्या एखाद्याचे पैसे तरी वाचतील.

माझा पहिला लॅपटॉप चार वर्षं चालला. शेवटच्या उन्हाळ्यात गेम लावला की दहा मिनिटांत पंखा घोंघावायचा, प्रोसेसर 96 अंशांवर जायचा आणि चित्र अडखळायचं. ही कंपनीच वाईट, असं मी ठरवून टाकलं. आता दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप घ्यायचा. नवा लाखाच्या घरात, म्हणून वापरलेला घ्यायचा आणि पगारातून हळूहळू रॅम, एसएसडी, पुढे ग्राफिक्स कार्ड असं वाढवत न्यायचं, हा बेत. पैसे कमी पडत होते. माझ्या आबांनी आलं विकून आलेल्या पट्टीतले 20 हजार काढून दिले. कशाला हवेत, हेही विचारलं नाही.

सांगलीच्या गावभागात एक मुलगा आपला लॅपटॉप विकत होता. ग्राफिक्स आरटीएक्स 3060, किंमत 52 हजार. साताऱ्याहून एसटीने कराड, पेठ नाका करत गेलो. त्याच्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्यामुळे मला एकच गोष्ट सुचली. "पुरात भिजलेला नाही ना?" त्याने बिल पुढे केलं, ऑक्टोबर 2021 चं. मोठी शंका फिटली म्हणून मी निर्धास्त झालो.

"दादा, स्क्रू ड्रायव्हर आहे. मागचं झाकण खोलून बघा हवं तर," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. त्यांच्याच घरात बसून त्यांची वस्तू उचकटायची, हे मला अवघड वाटलं. "नको, विश्वास आहे," म्हणालो आणि पैसे दिले.

पुसेगावच्या यात्रेत आबा बैल घेतात तेव्हा दात बघतात, चालवून बघतात आणि मगच भावाचं बोलतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. विकणारा स्वतःच बैलाचं तोंड उघडून धरतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय, आणि तो मुलगाही तेच करत होता.

घरी आल्यावर एकेक कळत गेलं. गेम खेळताना चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरायची. चार्जर उलटा करून वाचला: 20 व्होल्ट, 8.5 अँपिअर, म्हणजे 170 वॅट. लॅपटॉपच्या तळाशी छापलं होतं 11.5 अँपिअर, म्हणजे 230 वॅट. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, तर 80 वॅट-अवरची बॅटरी 46 वर आलेली. हा रिपोर्ट एका कमांडवर निघतो, त्याच्या घरी दोन मिनिटांत निघाला असता.

रॅम तर मी आधीच घेऊन ठेवली होती. नवी ती चांगली, म्हणून डीडीआर5. झाकण पहिल्यांदा उघडलं ते ती बसवायला. पट्टी खाचेशी धरली, तर तिची खोबण भलत्याच जागी. बोर्ड डीडीआर4 चा होता, आणि दोघांची अदलाबदल होतच नाही. ग्राफिक्सची चिप बोर्डालाच डाखलेली. बहुतेक सगळ्या लॅपटॉपमध्ये ती अशीच असते, बदलता येत नाही. शिवाय 3060 हे नाव एकच असलं, तरी कंपन्या तिला 60 पासून 115 वॅटपर्यंत वेगवेगळी वीज देतात आणि वेग त्यावर ठरतो. जे पुढे वाढवायचं म्हणून मी हा लॅपटॉप घेतला, तेच वाढणारं नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते जुन्या लॅपटॉपचं. विकण्याआधी साफ करून घ्यावा म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पंखा काढला आणि जाळीवरून चिमटीने धुळीचा सलग थर सोलून काढला, गोधडीच्या चिंधीसारखा. नवी थर्मल पेस्ट लावली, 700 रुपये घेतले. तोच गेम, तोच लॅपटॉप, 79 अंश. चार वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता आणि दोष कंपनीला दिला होता.

आबांना सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तो दाखवत होता, मग बघितलं का न्हाईस?"

"संकोच वाटला."

"घेताना संकोच करायचा नसतो, बाळा. पैसा मोजताना करतो का आपण?"

230 वॅटचा चार्जर आणि डीडीआर4 रॅम आता घेतली आहे. आबांचे पैसे दरमहा दोन हजारांनी फेडतोय. लॅपटॉपच्या तळाशी मी एक कागद चिकटवला आहे: कोणती रॅम बसते, चार्जर किती वॅटचा, बॅटरी किती उरली, शेवटची साफसफाई कधी केली. कधी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला विचारायची वाट बघणार नाही. झाकण मीच उघडून धरीन.