शेवटचा पेला

माझी मावसबहीण अमेरिकेत, मिनियापोलिसला असते. दर फेब्रुवारीत ती शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ‘अमेरिकन बर्कबायनर’ या स्की शर्यतीत स्वयंसेविका म्हणून जाते. १९७३ पासून चालत आलेली ही शर्यत जवळजवळ ५० किलोमीटरची असते. ताई बर्फात उभी राहून स्पर्धकांना गरम पेय देते. गेल्या वर्षी तिने फोटो पाठवला आणि खाली विचारलं, ‘‘तू काय करतोस रे रविवारी सकाळी?’’

झोपतो, हे खरं उत्तर होतं.

भोपाळला बर्फ नाही. पण तलाव आहे, चढ आहेत आणि थंडीत धावण्याच्या शर्यती असतात. मी आणि आईने एका अर्ध-मॅरेथॉनला नाव दिलं. धावायला नाही, पाणी द्यायला.

पहाटे साडेचारला तुलसी नगरातून निघालो. इथले जुने सरकारी क्वार्टर्स आणि त्यांच्यावर वाकलेली झाडं तुम्ही पाहिली असतील. २०२४ मध्ये तुलसी नगर आणि शिवाजी नगरातली सुमारे २९ हजार झाडं नव्या बांधकामासाठी जाणार होती. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि तो बेत मागे घेतला गेला. आईही त्या गर्दीत होती. म्हणून अंधारात त्या झाडांखालून जाताना ती नेहमी जरा हळू चालते.

आमचं टेबल व्हीआयपी रोडवर होतं, बड्या तलावातल्या राजा भोजाच्या पुतळ्याच्या जवळ. सोपं काम, असं मला वाटलं होतं. पण पेला अर्धाच भरायचा, नाहीतर धावणाऱ्याच्या अंगावर सांडतो. हात लांब करून पेला पुढे धरायचा आणि त्याने घेतला की लगेच सोडायचा. सगळे पहिल्याच टेबलाशी गर्दी करतात, म्हणून ‘‘आगे भी पानी है!’’ असं ओरडत राहायचं. कचऱ्याचे डबे टेबलाजवळ नाही, थोडे पुढे ठेवायचे, कारण पाणी पिईपर्यंत माणूस तिथवर पोचलेला असतो.

पहिले धावपटू आमच्याकडे न बघताच गेले. मग मोठा लोंढा आला, मग तुरळक माणसं. साडेनऊला टेबलं उचलायला गाडी आली. तेवढ्यात लांबून एक आजी येताना दिसल्या. साडी, पायात कॅनव्हासचे बूट, थोडं चालणं, थोडं धावणं. गाडीवाला म्हणाला, ‘‘अब कौन बचा है, चलो।’’

मीही कॅन उचलला होता. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दोन पेले भरले. ‘‘टेबल न्या तुम्ही,’’ ती म्हणाली, ‘‘आम्ही उभे आहोत.’’

पंधरा मिनिटं लागली. आजी थांबल्या, दोन्ही पेले प्यायल्या आणि विचारलं, ‘‘बेटा, मेरे बाद कोई है?’’

‘‘नहीं, आप आख़िरी हैं।’’

त्या खळखळून हसल्या. ‘‘तो तुम मेरे लिए रुके थे!’’

मी खाली बघितलं, कारण मी थांबलो नव्हतो, आई थांबली होती.

घरी येऊन पोहे-जिलबी खाल्ली आणि ताईला फोटो पाठवला. यंदा पुन्हा जाणार आहोत. मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर सांगा. पहाटे साडेचारला आमच्या फाटकाशी भेटा. घरी लवकर परतायचं आहे, असं मात्र ठरवून येऊ नका.