शाळा सोडल्याचा दाखला

आमच्या माहेरी पत्र्याच्या एका पेटीत घरातले सारे कागद असत: शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचा खातेउतारा, आजोबांनी कधीकाळी जिंकलेल्या आणि त्या जिंकण्यात निम्मी जमीन घालवून बसलेल्या एका दाव्याचा हुकूमनामा, आणि या सर्वांच्या वर, जुन्या पंचांगाच्या पानांत जपून ठेवलेले आम्हा भावंडांचे शाळा सोडल्याचे दाखले. या कागदाचा नमुना सर्वत्र सारखाच. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा, आणि खाली मुख्याध्यापकांची सही व जांभळा गोल शिक्का. ज्या वयात मनुष्य स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही त्या वयात त्याच्याविषयी दुसऱ्याने लिहून ठेवलेला हा मजकूर पुढे जन्मभर त्यालाच विचारला जातो, आणि त्याने दिलेले उत्तर या मजकुराशी जुळले नाही तर खोटे ठरतो तो मनुष्य, कागद नव्हे.

माझ्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७२ अशी आहे. सिन्नर तालुक्यातील ज्या गावात मी वाढले तेथे माझ्या वर्गातील बहुतेक मुलेमुली १ जूनलाच जन्मलेली होती, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातल्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडले तरी याहून निराळे चित्र दिसेल असे मला वाटत नाही. कारण शाळा जूनमध्ये भरे, सहा वर्षे पुरी झाल्यावाचून मूल पहिलीत घ्यायचे नाही असा नियम असे, आणि मुलाचा हात धरून आलेल्या बापाला साल आठवले तरी तारीख आठवत नसे, तेव्हा गुरुजी ती आपल्या अधिकारात बहाल करीत. आमच्या सरकारी नोकरीतल्या पिढीचे गणितही त्यामुळे मोठे मौजेचे झाले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त होतो, म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची अशी काही गर्दी उसळते की हार आणि नारळ पुरत नाहीत. आईला विचारले तर ती निराळेच सांगे. "तू कुठली बहात्तरची! दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात झाली तू. मी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची कामावर. वैशाख होता, अखजी होऊन गेलती." म्हणजे १९७३ चा मे महिना. धाकटीलाही थोरल्या भावाबरोबर एकदाच शाळेत बसवून टाकावे या वडिलांच्या सोयीसाठी गुरुजींनी मला जवळजवळ वर्षभराने वडील केले, आणि दुष्काळी कामावरच्या त्या धामधुमीत ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत माझी नोंद करण्याचे कोणाला सुचले नसल्यामुळे गुरुजींच्या शब्दाला आव्हान देणारा दुसरा शब्दच जगात उरला नाही.

या दाखल्याचा पुढचा प्रवास सांगण्यासारखा आहे तो एवढ्यासाठी, की मूळ कागद कधीच आपल्याजवळ राहत नाही. अकरावीला प्रवेश घेताना शाळेचा दाखला महाविद्यालय आपल्या दप्तरी ठेवून घेते आणि जाताना स्वतःचा देते. तो पुढची संस्था ठेवून घेते आणि आपला देते. कागद बदलतो, शिक्का बदलतो, पण गुरुजींनी एका सकाळी सहज लिहिलेली ती ओळ मात्र अक्षरशः उतरत जाते. वर्तणूकही 'चांगली' अशी उतरत जाते. नाशिकला १९९३ साली पदवी घेऊन मी बाहेर पडले तेव्हा सोडण्याच्या कारणापुढे 'अभ्यासक्रम पूर्ण' असे लिहिले होते. खरे कारण लग्न हे होते. त्यासाठी छापील नमुन्यात रकाना नाही.

लग्नानंतर मी लिपिक म्हणून महसूल खात्यात लागले आणि यथाकाल अव्वल कारकून झाले. माझ्या टेबलावर वारसनोंदींचे अर्ज येत, फेरफारांच्या तक्रारी येत, आणि त्यांना जोडलेली हक्कसोडपत्रे येत. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, आणि २००५ साली केंद्राने ती अधिक व्यापक करून साऱ्या देशाला लागू केली. परंतु या दोन्ही दुरुस्त्यांचा माझ्या टेबलापर्यंत पोचलेला परिणाम मुख्यतः एवढाच होता की पूर्वी ज्या बहिणीला कोणी विचारीतही नसे तिला आता गाडीत घालून आणून तिची सही घेण्यात येऊ लागली. बहीण सही करी, भाऊ तिला लुगडे घेई, आणि राखीपौर्णिमेची वाट मोकळी राही. कित्येकदा एखादी बाई माझ्या टेबलापाशी रेंगाळून हलकेच विचारी, "ताई, याच्यानं माझं काय जाईल?" मी सरकारी नोकर, अर्ज परिपूर्ण आहे की अपूर्ण एवढेच सांगणे माझ्या अखत्यारीत. मी तिला वकिलाकडे जाण्यास सांगे, आणि ती ज्याच्या गाडीतून आली त्याच्याच गाडीतून परत जाई. वकील व्हावे असे मला कोणत्या दिवशी वाटले ते सांगता येणार नाही. पण पोटात साठत गेलेल्या या न दिलेल्या उत्तरांतून ते झाले, एवढे निश्चित.

वयाची मात्र धास्ती होती. पंचेचाळिशीनंतर सनद द्यावयाची नाही असा बार कौन्सिलचा एक नियम होता, तो १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशालाच तिसाव्या वर्षाची मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला, त्यालाही २०१७ साली स्थगिती मिळाली. म्हणजे माझ्यासारखीसाठी दार उघडे होते ते कोणाच्या औदार्याने नव्हे, तर त्याविरुद्ध कोणीतरी भांडल्यामुळे. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा केव्हाच झाली होती. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, पदोन्नती तोंडाशी आली असताना?" घरी ह्यांनी दोनच प्रश्न विचारले, निवृत्तिवेतन किती बसेल आणि प्रवेशपरीक्षा संगणकावर असते का; आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ते पुष्कळ वेळ हसले.

प्रवेशाच्या वेळी दाखल्याबरोबर आणखी एक कागद लागला: शैक्षणिक खंडाचे शपथपत्र. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, १९९३ ते २०२१ या कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, हे सत्य प्रतिज्ञेवर सांगायचे. अर्जनवीस तरुण होता. खंडाचे कारण काय लिहू, असे त्याने विचारले, आणि मी विचारात पडलेली पाहून, बहुधा नेहमीच्या सवयीने, 'घरगुती अडचणीमुळे' असे टंकून तो मोकळाही झाला. दोन बाळंतपणे, सासूबाईंचा पक्षाघात आणि त्यांच्या उशाशी काढलेल्या रात्री, पाच तहसीलदारांच्या कारकिर्दी, मुलीचे लग्न, एक नापीक आणि दोन अतिवृष्टीची वर्षे, निवडणुकांच्या मतमोजण्या, करोनाच्या काळात कचेरीच्या दारात उभे राहून वाटलेले प्रवासाचे परवाने: हे सारे कायद्याच्या दृष्टीने खंड होते. मी सही केली. मजकूर खोटा नव्हता, आणि असल्या कागदाकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे हे कारकुनाच्या तोंडी शोभतही नाही.

वर्गात हजेरी माझ्या माहेरच्या नावाने निघे, कारण पदवी त्या नावाची. लग्नापासून जे नाव कोणी उच्चारले नव्हते ते एक पंचविशीतला प्राध्यापक रोज मोठ्याने पुकारी, आणि पहिले काही आठवडे 'हजर' म्हणायला मला इतका उशीर होई की मागच्या बाकावरची मुले माझ्या वतीने ते म्हणू लागली. त्यांनी मला आधी 'मॅडम', मग 'काकू' आणि परीक्षा जवळ येऊन माझी टिपणे सुवाच्य आहेत असे उघडकीस आल्यावर 'ताई' केले.

उत्तेजनार्थ मला जी उदाहरणे देण्यात येत त्यांनी माझी छाती दडपून जाई. पार्वतीबाई आठवले पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या, हे वाचून माझ्यासारखीला बळ यावे की लाज वाटावी? त्या मानाने नाशिकलाच १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मला अधिक जवळच्या वाटत, कारण त्यांची कथा पराक्रमाची आहे तशीच कागदाच्या विलंबाचीही आहे. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. परंतु स्त्रियांना पदवी देण्याची चाल तेथे नसल्यामुळे ती हाती पडली १९२२ साली, आणि वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा हिंदुस्थानात त्याच्या पुढल्या वर्षी झाला. परीक्षा आणि पदवी यांच्यामधील ती तीस वर्षे त्या पडद्यातील स्त्रियांच्या मिळकतींची कामे पाहत होत्या. त्यांच्याकडून कोणी खंडाचे शपथपत्र घेतले होते की काय, असा एक वात्रट विचार माझ्या मनात येऊन जाई.

पुरावा कायदा शिकू लागले आणि माझ्या दाखल्याची आणि माझी खरी गाठ पडली. १८७२ च्या त्या कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे शासकीय नोंदवहीतील नोंद सुसंगत ठरते, आणि शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारीखही त्या आधारे न्यायालयापुढे येते. पण सुसंगत असणे निराळे आणि वजनदार असणे निराळे. बिरदमल सिंघवी यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवले होते की ही तारीख कोणी सांगितली, त्याला ती कशी माहीत होती, आणि कोणत्या आधाराने ती लिहिली गेली हे सिद्ध झाल्यावाचून अशा नोंदीला फारसे मूल्य नाही. आईबाप किंवा खास माहिती असलेली व्यक्ती यांची साक्ष पाहिजे. तो निवाडा मी वर्गात वाचला तेव्हा माझे वय कागदोपत्री पन्नाशीच्या पुढे गेलेले होते. ज्या ओळीने माझा प्रवेश, माझी नोकरी, माझी ज्येष्ठतासूची, इतकेच नव्हे तर पत्रिका जुळवण्यासाठी लागलेले माझे ग्रहसुद्धा ठरवले, ती ओळ न्यायालयात उभी केली तर आईच्या वैशाखापुढे टिकेल की नाही याची शंका आहे, हे कळण्यास मला पुन्हा बाकावर बसावे लागले. आई तोवर हयात होती. पण तिची साक्ष नोंदवावी असा कोणताही दावा माझ्यापाशी नव्हता. सनदेच्या अर्जावर जन्मतारखेच्या रकान्यात मी मुकाट्याने १ जून १९७२ लिहिले आणि पुराव्यादाखल दाखला जोडला. त्याच वर्षी जुलैपासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि पाठ केलेले कलम ३५ हे कलम २९ झाले. पन्नाशीत पाठांतर किती कष्टाने होते हे विधिमंडळांना कोण सांगणार.

सध्या मी ज्या वकीलबाईंच्या हाताखाली काम करते त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. मला 'ताई' म्हणतात आणि मुदतीचे अर्ज, नकला, तारखा घेणे ही सर्व कामे निःसंकोच सांगतात, हे मला आवडते. आमच्याकडे एका शेतकरी स्त्रीचा वाटपाचा दावा आहे. लग्नाच्या आधी महिनाभर भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले. दाखल्याप्रमाणे त्या दिवशी ती अठरा वर्षांवर सहा महिन्यांची होती, आणि तिच्या मावशीच्या सांगण्याप्रमाणे अठराला दोन महिने कमी. तिचीही जन्मतारीख १ जूनच आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांना प्रतिवादींनी साक्षीस आणले तेव्हा वकीलबाईंनी उलटतपासणी माझ्यावर सोपवली. नोंद आपल्या अक्षरातली आहे काय? नाही, ते पूर्वीचे गुरुजी. तारीख कोणी सांगितली? रजिस्टरात तसे लिहिलेले नाही. त्या वर्षी पहिलीत दाखल झालेल्या मुलांपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? या प्रश्नाला समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशमहाराजांनी ती फेटाळली, आणि साक्षीदार म्हणाले की ते पाहून सांगावे लागेल. उलटतपासणी तहकूब झाली असून पुढील तारखेस जनरल रजिस्टर समक्ष हजर करावे असा हुकूम झाला आहे.