क्षीरसागर शेवटच्या खणात

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९८) पुस्तक हवं असेल तर पूर्वी आधी लाकडी खण ओढायचा. कार्डांच्या भोकांतून गेलेली सळई, हाताळून काळपटलेल्या कडा. वसंत कानेटकर, मग मधुसूदन कालेलकर आणि व. पु. काळे पार ‘का’च्या शेपटाशी, कारण मुळाक्षरांत ळ येतो ह नंतर. श्री. के. क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर शेवटच्या खणात. शाळेच्या हजेरीतही तेच. तोंडी परीक्षेला क्षीरसागराचा नंबर येईतो सगळे प्रश्न फुटलेले असत, लेकाची चैन!

आता लालबागच्या एका गणेश मंडळाच्या जुन्या वर्गणीपावत्या स्कॅन करून लिनक्सवर ठेवल्यात, फाइलला वर्गणीदाराचं नाव. यादी उघडली तर काळे कावळ्यांच्या आधी, गोळे गोसाव्यांच्या वर, क्षीरसागर कोल्हटकरांच्या मागे आणि ज्ञानेश्वर चक्क जोश्यांच्या रांगेत. पोरं म्हणाली, व्हायरस. व्हायरस कसला! युनिकोडने देवनागरीचा तक्ता १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतला आणि इस्कीत साऱ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवलेल्या. त्यात ळ ला जागा मिळाली ल च्या शेजारी. क्ष तर तिथे स्वतंत्र अक्षरच नाही. क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं.

मराठी क्रम यंत्राला ठाऊक असतो, पण सांगावं लागतं. ‘लोकेल’ म्हणजे भाषा-प्रदेशाचं सेटिंग; त्याच नावाचा आदेश दिला की चालू सेटिंग दिसतं. आमच्याकडे एलसी_ऑल या सगळ्यांवर वरचढ सेटिंगमध्ये ‘सी’ बसवलेलं होतं, म्हणजे निव्वळ संकेतांकांचा क्रम. एलसी_ऑल भरलेलं असलं की क्रम ठरवणाऱ्या एलसी_कोलेटचं कोणी ऐकत नाही. ते रिकामं केलं. मराठी लोकेल यंत्रात नव्हतंच, ते तयार करून घेतलं. नसलेल्या लोकेलचं नाव दिलं तर यादी दाखवणारा ‘एलएस’ आदेश हूं की चूं न करता ‘सी’वरच चालतो. मग फक्त एलसी_कोलेट मराठी केलं, बाकी संदेश इंग्रजीच राहू दिले. लॉगआउट करून परत आल्यावर काळे आपल्या जागी, क्षीरसागर तळाला.

ग्रंथालयात चुकलेलं कार्ड खिडकीमागचे काका नुसत्या नजरेने ओळखायचे आणि वर चार शब्द सुनवायचे. इथे सुनवणारं कोणी नाही. निम्म्या पावत्यांची नावं पोरांनी रोमन लिपीत टाइप केलीत, ती सगळी देवनागरीच्या वर गोळा झालीत. त्यावर लोकेलचा इलाज नाही. एकेक नाव पुन्हा मराठीत टाइप करायचं, आणि गणपती तर तोंडावर आलेत.