यंत्राची याददाश्त

यंत्र चुकले तर माल बिघडतो. यंत्र थांबले तर फक्त वेळ जातो. पण ज्याचे पोट यंत्रावर आहे, त्याला थांबलेल्या यंत्राचाच राग जास्त येतो. आम्हालाही येत असे.

भोसरीच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. आम्ही दोघे भाऊ, अब्बांच्या वेळचे एक चाचा आणि चार मुले, एवढाच पसारा. २००३ साली आम्ही एक जुने सीएनसी मिलिंग मशीन घेतले. बनावट १९८९ ची, कंट्रोल जपानी, पडद्यावर हिरवी अक्षरे. याच मशीनवर घराचे हप्ते फिटले, बहिणीचे लग्न झाले.

२०१८ च्या पावसाळ्यात एका सकाळी पडद्यावर ९१० नंबरचा अलार्म आला आणि सगळे ठप्प झाले. पुस्तकात अर्थ दिला होता : मेमरीची पॅरिटी चुकली. ही पॅरिटी म्हणजे एक साधी साक्ष असते. मेमरीत दर आठ बिटांमागे एक नववा बिट ठेवतात. नऊ जणांत 'एक' किती, ही संख्या विषमच राहील, असा तो लिहिला जातो. वाचताना ती सम निघाली, तर समजायचे की कुठेतरी शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला आहे. कुठला बिट चुकला, हे मात्र हा साक्षीदार सांगू शकत नाही. म्हणून यंत्र काम थांबवते.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांची गणिते शनिवार-रविवारी यंत्रावर लागत. चूक सापडली की यंत्र ते काम टाकून देई आणि सोमवारी हाती काहीच नसे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी चूक शोधून दुरुस्त करणारी संकेतपद्धती तयार केली. १९५० साली ती छापून आली. आमच्या कंट्रोलमध्ये ती सोय नव्हती. त्याला फक्त थांबणे येत होते.

बाहेरून एक तंत्रज्ञ आले. त्यांनी रिसेट आणि डिलीट ही दोन बटणे दाबून धरून मशीन चालू केले. सारी मेमरी पुसली गेली. मग कॅबिनेटच्या दाराआड चिकटवलेल्या कारखान्याच्या कागदावरून पॅरामीटर भरले. मशीन सुरू झाले, पण भोके जागेवर पडेनात. तेव्हा आम्हाला उमगले की दाराआडचा तो कागद म्हणजे मशीनचा जन्मदाखला होता. स्क्रू झिजत गेला तसा बॅकलॅश वाढत गेला आणि त्याप्रमाणे आकडे बदलत आले. एक्स अक्षाला कागदावर ८ मायक्रॉन होते, प्रत्यक्षात २२ निघाले. मशीनने जगलेली वर्षे फक्त त्या मेमरीत होती. डायल गेज लावून पुन्हा मोजमाप करण्यात दोन दिवस गेले.

यावेळी आम्ही सगळे आकडे वहीत उतरवले आणि केबल लावून संगणकावरही घेतले. बरे झाले, कारण आठ दिवसांत अलार्म पुन्हा आला. नवा कंट्रोल बसवायचा तर सहा लाखांच्या वर खर्च होता. थोरले भाऊ मशीन भंगारात द्यायला निघाले. चाचा म्हणाले, "बेटा, मशीन अटकी तो समझो कुछ बोल रही है. पहले सुन तो लो."

ऐकायचे कसे? आम्ही वहीत दर अलार्मची तारीख, वेळ आणि त्यावेळी शेजारी काय चालू होते ते लिहू लागलो. अडीच महिन्यांत नऊ नोंदी झाल्या आणि त्यांचे दोन गट आपोआप पडले. पाच अलार्म शुक्रवारी सकाळचे होते. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे मशीन दीड दिवस बंद राहून उठत होते. उरलेले चार भर दुपारी, चालत्या कामात आले होते. दुखणी दोन होती, नाव एकच होते.

मशीन बंद असताना मेमरी जागी ठेवतात त्या तीन मोठ्या सेलच्या बॅटऱ्या. सेल तर नवे होते. मीटर लावला, साडेचार व्होल्ट पुरे भरले. पण वायर जरा हलवली की काटा शून्यावर. पूर्वी कधीतरी सेल गळले होते, त्याने स्प्रिंगवर हिरवा गंज धरला होता. डबी बदलली. कंट्रोल चालू ठेवूनच बदलली. बंद करून सेल काढले तर मेमरी जाते. मग दुसरे काहीही न करता तीन गुरुवार थांबलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. तिन्ही शुक्रवार साफ गेले.

दुपारच्या अलार्मसाठी पाच व्होल्टचा पुरवठा मोजला. सकाळी बरोबर पाच. पेटी तापली की ४.७. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकले होते. बुधवार पेठेतून नवे आणले, चारशे रुपयांच्या आत. त्यानंतर तो अलार्म आला नाही.

सहा लाख वाचले, ही गोष्ट लहान नाही. पण आम्हाला त्याहून मोठे वाटते ते वेगळेच. आपल्या लोकांत हुनर पुष्कळ आहे, पण तो कागदावर नसतो, हातात असतो. उस्ताद गेला की त्याच्या हातातले सारे त्याच्याबरोबर जाते. मागे जन्मदाखला तेवढा उरतो. तिथे कुठलाही अलार्म वाजत नाही.

आता दाराआड जुन्या कागदाशेजारी दुसरा कागद लावला आहे. दर सहा महिन्यांनी नवे मोजमाप आणि तारीख त्यावर चढते. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास चाचा आपल्या बोलीत सांगतात, पुतण्या मराठीत लिहून घेतो : कुठल्या धातूला कुठली धार, कुठल्या आवाजाला हात आवरायचा. तिसरी वही सुरू आहे.