आमच्या खेळातला बिबट्या

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरी रविवारची जेवणं आटोपली की टेबल पुसून आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ सालचा हा खेळ. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. डीएम मी, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी. बाकी चौघं आपापलं पात्र चालवतात आणि अडलं तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. आमचं जग नाशिकवरूनच रचलंय. त्यात गोदेसारखी नदी आहे, रामशेजसारखा किल्ला आहे आणि नदीकाठी दूरवर ऊस आहे.

उसावरूनच हे सगळं सुरू झालं. माझा मावसभाऊ निफाडकडचा. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती पेटीत ठेवून रात्रभर आईची वाट बघतात, हे ऐकत तो वाढला. नवी मोहीम ठरवताना तो म्हणाला, “ताई, मला बिबट्या होणारा माणूस खेळायचाय.” मी लगेच होकार दिला. खेळाच्या नियमपुस्तकात वाघमाणूस होता, त्याचेच आकडे उतरवले.

तिथेच चुकलं. तो वाघमाणूस मुळात शत्रू म्हणून लिहिलेला आहे. साध्या तलवारीनं, बाणानं त्याला जखमच होत नाही. चांदीचं नाहीतर जादूचं शस्त्र लागतं. पहिल्या लेव्हलला बाकीच्यांचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, जेमतेम दहा-बारा. गॉब्लिनांची टोळी आली की मावसभाऊ दारात उभा राहायचा आणि लढाई संपायची. तिसऱ्या रविवारी आमची मांत्रिक मैत्रीण फोन बघत बसली. तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग मी गॉब्लिनांना चांदीचे बाण दिले. दहा बाण चांदीनं मढवायचे तर पुस्तकात शंभर सुवर्णमुद्रांचा खर्च, आणि माझे गॉब्लिन तर कोंबड्या चोरून जगणारे! बाणांनी मावसभाऊ दोनदा आडवा झाला. तो काही बोलला नाही, पण चेहरा उतरला होता. एका हातानं दिलेलं मी दुसऱ्या हातानं काढून घेतलं होतं.

त्यानंतर पौर्णिमा आणून बघितली: त्या रात्री भान सुटणार. पण एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात आणि आमच्या चार रविवारांत गोष्टीतले सहाच दिवस सरले होते. पौर्णिमा उजाडली तेव्हा बिबट्या मी चालवला आणि त्यानं मांत्रिकावरच झडप घातली. ती मरता मरता वाचली. मावसभाऊ हातावर हात ठेवून बघत बसला. शक्ती त्याची आणि किंमत मोजली तिनं. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

जुन्या आवृत्त्या धुंडाळल्या. २००३च्या साडेतीन आवृत्तीत जन्मजात वाघमाणसाचे वाघाचे सहा आणि वरचे तीन असे नऊ स्तर आधीच मोजले जातात. हिशेब चोख आहे, पण इतर जण दहाव्या लेव्हलला पोचेपर्यंत त्यानं काय करायचं? १९९२च्या ‘वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स’ या दुसऱ्या खेळात सगळेच लांडगामाणसं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

शेवटी मावसभावालाच विचारलं, “तुमच्याकडचा बिबट्या लढतो का रे?” तो म्हणाला, “छे! कुत्रं उचलतो आणि उसात जातो. माणसांचा गलका झाला की बिथरतो.” मला २०१९च्या जानेवारीतलं नाशिकचं सावरकरनगर आठवलं. भरवस्तीत शिरलेला बिबट्या, भोवती जमलेली गर्दी आणि जखमी झालेली माणसं. त्र्यंबक-इगतपुरीकडचा वाघदेव मात्र मी खेळात आणला नाही. वाघबारशीला ज्याची मनापासून पूजा होते, त्याला हिट पॉइंट लावणं मला पटत नाही.

नवे नियम आम्ही पाचांनी मिळून लिहिले. जखम न होण्याचं वरदान काढून टाकलं. बिबट्याच्या रूपात पुस्तकातल्या पँथरचे आकडे: तेरा हिट पॉइंट, एका पाळीत पन्नास फूट धाव, चाळीस फूट चढण. ते तेरा संपले की तो पुन्हा माणूस. रूप बदलायला एक अख्खी पाळी जाते. पंजानं कडी निघत नाही, बोलता येत नाही. वस्तीत कुणी पाहिलं की गलक्याचा एक मणी वाटीत पडतो. तीन मणी झाले की गाव मशाली घेऊन बाहेर येतं. भान सुटलं तरी फासा त्याच्याच हातात राहतो. पळायचं की जवळचं जनावर उचलायचं, ते तोच ठरवतो. सोबत्यांवर झडप नाही.

पुढच्या रविवारी तो सावकाराच्या कोठारावर कौलांवरून चढला. कैदी कुठे आहेत ते त्यानं पाहिलं, पण सांगायला परत यावं लागलं. वाटेत तिसरा मणी पडला. वेशीवर जमलेल्या लोकांना मांत्रिकानं अर्धा तास बोलण्यात गुंतवलं आणि तेवढ्यात इतर दोघांनी कुलूप फोडलं. त्या दिवशी कुणीही फोन हातात घेतला नाही.

तुमच्या टेबलावर कुणी असं पात्र मागितलं तर नाही म्हणू नका. फक्त आकडे लिहायच्या आधी बाकीच्या खेळाडूंना विचारा, की हा जनावर होईल तेव्हा तुम्ही काय करत असाल?