राज्यपक्षी आणि माझी सही

दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात माझ्या आयुष्याची बावीस वर्षे गेली. चेकवरच्या सहीतली वेलांटी जराशी लांबली, तरी मी भल्याभल्या खातेदारांना परत पाठवतो. असा मी, गेल्या पावसाळ्यात आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीच्या एका अर्जावर मजकूर न वाचता सही करून मोकळा झालो. त्या सहीची ही हकिकत. पण ती सुरू होते शेकरूपासून.

चौथीतल्या आमच्या कन्येने एका संध्याकाळी विचारले, "बाबा, आपला राज्यप्राणी कोणता?"

"वाघ," मी पेपरातून डोके न काढता म्हणालो.

"वाघ देशाचा, १९७३ पासून. राज्याचं शेकरू."

आता आम्हाला बी.कॉम.ला घसारा होता, शेकरू नव्हते. शिवाय गारखेड्यात जंगली प्राणी म्हटला की लोकांना बिबट्याच आठवतो. जुलै २०२४ मध्ये तो शेजारच्या उल्कानगरीत येऊन गेला, तेव्हा आमची सगळी सोसायटी संध्याकाळी सातच्या आत कड्या लावून बसत होती.

कन्येने माहिती वाचून दाखवली. शेकरू म्हणजे मोठी खारच. तांबूस अंग, पिवळट पोट, शेपटीसकट लांबी जवळजवळ तीन फूट. उंच झाडांवर राहते, जमिनीवर सहसा उतरत नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फूट उडी घेते. बहुतेक एकटेच असते आणि तरी पाच-सहा घरटी बांधते. गृहकर्जाच्या टेबलावरही काही वर्षे काढलेल्या माणसाला हे ऐकून घेरीच यायची. पाच-सहा घरे, आणि हप्ता एकाचाही नाही!

"जमिनीवर पाय नाही आणि घरं पाच-सहा. म्हणूनच राज्याचा मान मिळाला असेल," मी म्हणालो.

"मुलीसमोर राजकारण नको," सौ. आतून म्हणाली.

डिसेंबरात आईला भीमाशंकर घडवायचे ठरले. वेरूळचा घृष्णेश्वर हाकेच्या अंतरावर असल्याने तिच्या खात्यात एक ज्योतिर्लिंग आधीच जमा होते. भीमाशंकरचे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. तेव्हा आईचा देव आणि नातीचा प्रकल्प एकाच तिकिटात उरकणार होते.

दर्शन झाल्यावर एका चहावाल्याने झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवले. आधी काटक्या-पानांचा घमेल्याएवढा गोळा दिसला. मग शेजारच्या फांदीवर पोट टेकून, शेपटी खाली सोडून पहुडलेले शेकरू दिसले. जेवणानंतर मीही असाच पडतो, फरक शेपटीचा. तेवढ्यात ते उठले, फांद्यांवरून पळत रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि थांबले. पलीकडचे झाड फार लांब होते. दोनदा पवित्रा घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि आल्या वाटेने परत गेले.

"आपल्या रस्त्यापायी बिचाऱ्याचा रस्ता मोडला की रे," आई म्हणाली.

घरी आल्यावर प्रकल्पाचे दुसरे पान निघाले: राज्यपक्षी हरियाल. हिरवट-पिवळे कबूतर, हळदीत बुडवल्यासारखे पाय. वड, पिंपळ, उंबराची फळे खातो. हाही जमिनीवर क्वचितच उतरतो. चित्र पाहून कन्या ओरडली, "बाबा, हे तर आपल्या पिंपळावर असतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गच्चीवर नेले. मला पिंपळावर पानांखेरीज काही दिसेना. तिने टाळी वाजवली, आणि त्यातली वीस-पंचवीस पाने भर्रकन उडून गेली.

म्हणजे इतकी वर्षे माझ्या स्कूटरच्या सीटवर उमटत होते ते डाग नव्हते. सरकारी शिक्के होते! आणि मग एकदम तो अर्ज आठवला. पिंपळामुळे पार्किंगला अडचण होते, पक्षी वाहनांवर घाण करतात, सबब झाड तोडण्याची परवानगी मिळावी. खाली अकरावी सही माझी.

मी तसाच चेअरमनसाहेबांकडे गेलो.

"अहो, तुमच्या एका सहीने काय होतंय?" ते म्हणाले.

"आमचे खातेदारही हेच म्हणतात."

"आणि पक्षीच ते. जातील उडून दुसऱ्या पिंपळावर."

"कोणत्या?"

चेअरमनसाहेब गॅलरीत आले. समोर पाण्याच्या टाक्या होत्या, डिश अँटेना होत्या, एक मोबाइलचा टॉवर होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चहा घेणार?"

शहरातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ती अजून यायची होती. चहा झाल्यावर मी 'माझी सही रद्द समजावी' असे पत्र लिहिले. आमच्या भाषेत स्टॉप पेमेंट. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून संबंधित टेबलावर गेलो. तिथल्या गृहस्थांनी मूळ अर्ज काढला, माझे पत्र शेजारी ठेवले आणि चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, दोन्ही सह्या जुळत नाहीत."

बावीस वर्षांत हे वाक्य मला प्रथमच ऐकून घ्यावे लागत होते.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पहिली न वाचता केली होती."